सड्याभोवतीची रेघ

माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या माणसाविषयी मला फार माहिती नव्हती. पनवेलच्या एका सायकल गटात ओळख झाली होती आणि त्याआधी आम्ही दोनदाच एकत्र फिरलो होतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलका, चढावर माझ्यासाठी थांबणारा. पोलादपूरच्या वरच्या जंगलातून तीन दिवसांची फेरी करायची हे त्यानेच सुचवलं. मार्गही त्यानेच आखला. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून घरी बसलो होतो, म्हणून हो म्हणालो. कोणी मार्ग आखून दिला की तोच का आखला, असं विचारायची सवय नोकरीत होती. या वेळी विचारलं नाही.

वीर स्टेशनला सायकली उतरवल्या, महाडमध्ये जेवलो आणि पहिला मुक्काम पोलादपूरला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळी घाट चढायला घेतला. डिसेंबर होता. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात लाव्ह्याचे थर एकावर एक दिसत होते आणि दोन काळ्या थरांच्या मध्ये हातभर लाल मातीची पट्टी होती. अर्ध्या घाटात आम्ही मुख्य रस्ता सोडून राखीव जंगलातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. तासाभराने एक जुनं गाव लागलं. देवळासमोर चार वीरगळ होते, त्यांतल्या एकावरची वरची मूर्ती झिजून सपाट झाली होती. मी वहीत नोंद केली. सोबत्याने दगडांकडे पाहिलंही नाही. मला ते खटकलं, पण थकवा असेल असं मी धरून चाललो.

गावाच्या वर आठ घरांची वाडी होती आणि तिच्यामागे सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या खडकाचं उघडं पठार. खडकाच्या खोलगट भागांत माती साचलेली, तिथे नाचणीची कापलेली खुंटं. एका बाजूला कडा, खाली सावित्रीचं खोरं. सोबती म्हणाला, कडेकडेने एक फेरी मारू, सगळ्या बाजूंनी दृश्य वेगळं दिसतं. सड्यावर सायकल चालण्यासारखी नव्हती. आम्ही ढकलत गेलो. तो चार ठिकाणी थांबला आणि प्रत्येक ठिकाणी फोनवर काहीतरी टिपलं. त्यांपैकी दोन ठिकाणी झाडांशिवाय काही दिसत नव्हतं.

फेरी पुरी होत आली तेव्हा एक बाई समोर आली. पन्नाशीच्या पुढची, हातात कोयता, मागे तीन म्हशी.

"काय बगताव?" तिने विचारलं.

"मावशी, जागा छान आहे तुमची," सोबती म्हणाला.

"मावशी केलीव होय? गेल्या साली आलते त्यांनी आत्या केलती. पक्षी बगाया आलते." तिने शेजारच्या डोंगराकडे कोयता दाखवला. तिथे तारेचं कुंपण होतं. "आता थितली ढोरं पान्याला फिरून जातात. दीड कोस."

"आम्ही सायकलवाले, मावशी. आज इथे, उद्या तिथे."

"सायकल बसाया असते. तुमी तर तिला फिरवताव. सड्याला फेरी कोन घालतो रे? देव हाय का सडा?"

सोबती हसला. ती हसली नाही. तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी निवृत्त पत्रकार असल्याचं सांगितलं. ते ऐकून तिचा चेहरा आणखी कठोर झाला.

मला उलट तिचाच संशय आला. सड्याला लागूनच असलेल्या तिच्या घरामागे आईनाचं लाकूड रचलेलं होतं. राखीव जंगलाच्या हद्दीचा दगड तिथून शंभर पावलांवर. परक्या माणसांवर इतकी नजर ठेवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं, असा माझा अनुभव होता. मी लिहिलं: "आईन, अलीकडे तोडलेला. परवानगी?" तेवढ्यात सोबती घराच्या मागून बाटली भरून आला आणि आम्ही उतरायला लागलो.

खाली पोलादपूरला चहाच्या टपरीवर बसून वही वाचताना एक गोष्ट लक्षात आली. बाटली त्याने भरली कुठे? तिथे झरा आहे, पण तो वाडीतून दिसत नाही. तो करवंदीच्या जाळीमागे, खडकाच्या पायरीखाली आहे; मला तो फक्त म्हशी तिकडे वळल्या म्हणून कळला. सोबत्याने कोणाला विचारलं नव्हतं. आणि आदल्या दिवशी गाडीत तो म्हणाला होता की या भागात तो पहिल्यांदाच येतोय.

मी विचारलं. त्याने लपवायचा प्रयत्न फार केला नाही.

"फक्त पाहणी आहे. ओळखीच्या एकांना जमीन घ्यायचीय. त्या बाईच्या चुलत दिरांशी बोलणी चालू आहेत. मुंबईत असतात. सातबाऱ्यावर त्यांचीही नावं आहेत."

"मग मला का आणलंस?"

"एकटा माणूस फिरताना दिसला की लोक जमतात. तुमच्यासारखा पांढऱ्या केसांचा, वही घेतलेला माणूस बरोबर असला की निदान बोलतात." मग तो म्हणाला, "पाऊस संपल्यावर येऊन गेलो होतो एकदा. ही बाई तेव्हा नव्हती, पण दुसऱ्या कोणी कुत्री सोडली होती अंगावर."

तिसऱ्या दिवसाचा बेत रद्द झाला. तो संध्याकाळच्या एसटीने सायकल टपावर टाकून गेला. मी राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तोच चढ चढलो. काय सांगायचं ते वाटेत चार प्रकारे जुळवून पाहिलं. बाई अंगणात शेण गोळा करत होती. मला पाहून तिने हात धुतले नाहीत.

मी सांगितलं: कालची फेरी म्हणजे जमिनीची पाहणी होती, तिच्या दिरांची बोलणी चालली आहेत, मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

"आन आता सांगाया आलाव. कशापायी? दुसरा कोन घेनारा तुमचा?"

"कोणी नाही."

"असं तोबी म्हनला आसंल तुमाला."

मी फोन काढला. सायकलीचा मार्ग टिपणारी सोय माझ्याही फोनवर चालू होती. त्याच्या सगळ्या थांब्यांसह आमची फेरी त्यात उतरली होती. पडद्यावर एक निळी रेघ होती, खाली नकाशात हिरव्याखेरीज काही नव्हतं. तिने पदराला हात पुसून फोन घेतला. क्षणभर उलटा धरला, मग फिरवून सरळ केला. नकाशावर एकही नाव नसताना तिने बोट ठेवायला सुरुवात केली.

"ह्यो कडा. हितं आईन. हितं थांबला तो, जांभळीपाशी. ही आमची हद्द हाय. ह्यी पुढं गुरवाची." बोट रेघेवरून सरकत झऱ्यापाशी आलं आणि थांबलं. "पानीबी आत घेतलान."

कुंपण त्या रेघेवर पडलं तर तिच्या म्हशींना आणि खालच्या सात घरांच्या ढोरांना पाणी राहणार नव्हतं.

"वहीत काय लिवलाव?"

मी वही दिली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. एकेक अक्षर लावत ती आईनाच्या ओळीवर आली. दोनदा वाचली.

"चोर ठरवलात की मला."

"विचारायचं म्हणून लिहिलं होतं."

"मंग इचारा की. पावसात झाड पडलं. गार्डानं शिक्का मारलाय. जा, बगून या."

मी गेलो. ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा होता. परत आलो तेव्हा ती वाडीतल्या लोकांना हाका मारून बोलावत होती.

गावकी देवळापुढे बसली. नऊ-दहा पुरुष, कडेला बायका. मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग बाई म्हणाली, लिहून द्या. मी आयुष्यभर इतरांची निवेदनं लिहून घेतली होती. स्वतःचं देताना पहिली दोन वाक्यं खोडावी लागली. कुठल्या दिवशी, कुठून, कुठे थांबलो, सोबत्याने टपरीवर काय सांगितलं. त्याचं नाव लिहिताना पेन थांबलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"दोस्त हाय म्हनून?"

"नाही." मी नाव लिहिलं.

एक म्हातारा कागदाकडे न बघता म्हणाला, "उद्या ह्यो मानूस फिरला तर?"

"फिरंल," बाई म्हणाली. "म्हनून तर सही घेतली. आजोबा, तुमची घेतली नाय मी, तुमी पोटातलं वठात आनत नाय म्हनून."

बायका हसल्या. म्हाताराही हसला. मी सही केली, खाली पत्ता लिहिला.

तिने तलाठ्याकडे हरकत दिली. फेब्रुवारीत दिरांनी खरेदीखत केलंच, सातबाऱ्यावर खरेदीची नोंद करायला टाकली आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे गेलं. मला साक्षीला बोलावलं. मी पनवेलहून आलो. बाई कचेरीच्या बाकावर तीन शेजाऱ्यांबरोबर बसली होती, पायात चपला नव्या. पलीकडच्या बाकावर माझा एकेकाळचा सोबती. त्याने मान हलवली. मीही हलवली. तिने ते पाहिलं.

ती उठून माझ्याकडे आली, पिशवीतून माझाच कागद काढला आणि हातात दिला.

"वाचा."

"मला आठवतंय."

"मला ऐकू द्या. आत गेल्यावर काय बोलनार हाव ते."

मी कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहून पूर्ण निवेदन मोठ्याने वाचलं. पलीकडच्या बाकावरचं बोलणं बंद झालं. शेवटच्या ओळीनंतर तिने कागद काढून घेतला, घडी केली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "आता असंच सांगा."

आत मी तसंच सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही मी गेलो; ती माझ्या आधी आलेली होती आणि मी येतो की नाही हे बघत फाटकापाशी उभी होती. नोंद अजून मंजूर झालेली नाही, रद्दही झालेली नाही. म्हशी झऱ्यावर जातात.