कवठ पडून राहिलं पाहिजे

सन दोन हजार बारा. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि लग्नाचा स्वयंपाक माझ्यासारखा अख्ख्या नागपुरात कोणाला येत नाही, असं माझं मत होतं. आजही आहे. शाळा तिसरीत सुटली, पण चारशे माणसांचं मीठ मी नजरेनं टाकतो. फक्त कवठाची चटणी माझी नव्हती. ती माझ्या हाताखाली काम करणाऱ्या आक्काची.

आक्का कवठं घ्यायला निघाली की दुकानदार कपाळाला हात लावायचे. एकेक कवठ ती गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडायची. टुणकन उडालं की परत टोपल्यात. ठप्प करून पडून राहिलं की पिशवीत. "उड्या मारते ते कच्चं, गा. पिकलेलं गप पडून राहते," असं म्हणायची आणि मुद्दाम माझ्याकडे बघायची.

चटणी वाढायचीही तीच. डावीकडे मिठाशेजारी बोटभर ठेवायची आणि पुढं सरकायची नाही. माणूस बोट चाटतो का, ते उभी राहून बघायची. "भाजी भुकेनं मागतात, चटणी लोभानं. लोभानं मागितली तं समज जमली." वीस वर्षं माझ्या चुलीवर राहिली, पण मला एकदाही मालक म्हणाली नाही.

त्या साली मात्र तिला कमी दिसायला लागलं होतं. जरीपटका वस्तीतल्या एका लग्नाचं काम आलं. नवरदेवाकडच्यांनी कवठाची चटणी खास सांगून मागितली होती. मी म्हणालो, "आक्का, हे लग्न तुझं शेवटचं. आता घरी बस. चटणी काय, कोणीही करते."

ती एवढंच म्हणाली, "मंग कवठं तूच आण."

आणली. दोन पोती. चांगली मोठी, गोल, देखणी बघून घेतली. जमिनीवर टाकून बघायला मी काय म्हातारी बाई होतो?

लग्नाच्या सकाळी दगडानं फोडायला बसलो. पहिलं पांढरं निघालं. दुसरंही तसंच. चाखलं तर तोंड आवळून आलं, इतकं तुरट. निम्म्याहून जास्त माल कच्चा! पंगत बसायला तीन तास होते.

आक्कानं एकेक कवठ हातात घेऊन खालीच सोडलं आणि पिकलेली बाजूला काढली. मग म्हणाली, "पाहुण्यांना वाटायला आणलेली संत्री कुठं हायेत? पोरीच्या बापाले विचार, दोन पेट्या देते का."

मी विचारलं. मला विचारायला लागलं! त्यानं दिल्या.

संत्र्याच्या फोडी सोलून, बिया आणि पांढऱ्या शिरा काढून तिनं त्या गुळात आटवल्या. पिकल्या कवठाचा गर हातानं कुस्करून त्यात घातला. वर तिखट, मीठ, भाजलेलं जिरं. मी चाखलं आणि बोट चाटत राहिलो. असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं.

पहिल्याच पंगतीत चटणी तिसऱ्यांदा फिरली. नवरदेवाच्या मामानं पान पुसून चाटलं आणि ओरडला, "आचारी कोण आहे हो? ही चटणी कोणाची?"

मांडवातल्या प्रत्येक पदार्थाला 'माझा' म्हणायची माझी सवय. तोंड उघडलंही होतं. पण म्हणालो, "थांबा, घेऊन येतो." कोपरापर्यंत गरानं माखलेल्या आक्काला हाताला धरून पंगतीत आणलं.

"माय, यात काय काय हाय वं?" मामानं विचारलं.

"कवठ हाय, संत्रं हाय, अन् या आचाऱ्याची अक्कल हाय," आक्का म्हणाली. "तीबी अर्धी कच्ची."

सगळी पंगत हसली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी झारा उगारला असता. त्या दिवशी मीही हसलो, आणि मामाच्या पानावर चटणी माझ्या हातानं वाढली.

त्यानंतर सहा वर्षं, डोळे पुरते गेल्यावरही, ती नुसत्या आवाजावर कवठं निवडत राहिली. आता आक्का नाही. कवठ-संत्र्याची चटणी मात्र माझ्या मांडवात अजून तिच्याच नावानं वाढली जाते.

माफी मला मागता येत नाही. तेव्हाही आली नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक कवठ घेऊन मी तिच्या दारात गेलो आणि उंबऱ्यावर सोडलं. ठप्प.

आतून आवाज आला, "पडून राहिलं का, गा?"

"राहिलं."

"मंग थांब. पिशवी घेऊन येते."