तीन फुटांच्या वरचे मासे

बाई कुठल्याही नव्या जागी गेल्या की आधी खाली बसत. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर, उकिडव्या. दवाखाना असो, बाग असो, नव्याने उघडलेलं वाचनालय असो. तिथली माणसं "या, या" करत पुढे येईपर्यंत बाई पदर खोचून खाली बसलेल्या असायच्या आणि मान वर करून चारी बाजूंनी बघत असायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारीचं काहीतरी पडलंय. पडलेलं काही नसायचं. बालवाडीतल्या मुलाला तिथून काय दिसेल, एवढंच त्या बघत असायच्या.

बिबवेवाडीतल्या आमच्या वस्तीत एका संस्थेची बालवाडी होती आणि ती बाई चालवायच्या. त्यांचं नाव आम्हाला फार उशिरा कळलं. त्या नुसत्या बाई. मी त्यांच्याच हाताखाली पाटी धरायला शिकले. माझे वडील मार्केट यार्डात हमाल, आई लोकांच्या घरी पोळ्या करायची. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता धायरीला स्वतःच्या घरात राहते, विमा कंपनीत नोकरी करते. पण दर शनिवारी बालवाडीत चक्कर मारायची सवय मोडली नव्हती. बाईंनी ती मोडू दिली नव्हती, असं म्हणा. एखादा शनिवार चुकला की फोन यायचा, "काय गं कविता, साहेब झालीस का?"

"मूल बुटकं नसतं, टेबल उंच असतं," हे बाईंचं नेहमीचं वाक्य. बालवाडीतला फळा त्यांनी सुताराला बोलावून इतका खाली लावून घेतला होता की लिहिताना त्यांनाच गुडघ्यावर बसावं लागे. संस्थेचे अध्यक्ष एकदा पाहणीला आले आणि म्हणाले, "बाई, फळा जरा विचित्र वाटतोय." बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटणारच. तुमचा प्रवेश नाही ना घ्यायचा."

बारावीनंतर कॉलेजात माझं नाव घालायला आईला सुट्टी मिळेना, तेव्हा बाई आल्या होत्या. तिथली खिडकी अशी खाली बसवलेली की आत बसलेल्या माणसाशी बोलायला कमरेत वाकावं लागे. रांगेतला प्रत्येक जण वाकून "सर, सर" करत होता. मीही वाकले. पाठीत बाईंचा धपाटा बसला. "सरळ उभी राहा. आवाज जातो आत. त्याला गरज वाटली तर तो उठेल." तो माणूस उठला नाही, पण मान वाकडी करून वर बघायला लागला. त्यानंतर मी अशा खिडकीपुढे वाकले नाही.

बालवाडीची वर्षातून एक सहल असे आणि सहलीआधी बाई स्वतः जाऊन ती जागा बघून येत. मुलगी द्यायच्या आधी घर बघून यावं तशा. तेही तिकीट काढून. कुणी ओळखीने फुकट सोडायला लागलं तर त्यांना राग येई. "फुकट आत गेलं की बाहेर येताना छान छान म्हणावं लागतं. मला ते जमत नाही," असं म्हणत.

दोनेक वर्षांपूर्वी शहरात ते नवं मत्स्यालय सुरू झालं. होर्डिंगं लागली, रीळं फिरली. आयांच्या मोबाईलवर बघून बघून बालवाडीतल्या पोरांना निळं पाणी आणि डोक्यावरून जाणारा शार्क पाठ झाला. एकच घोषा. "बाई, शार्क!" आरोही नावाची एक चिमुरडी तर रोज सकाळी दारातच विचारायची, "आज जायचं?" बाईंनी सगळ्यांना शब्द दिला की नेणार. आणि एका रविवारी मला घेऊन त्या बघायला निघाल्या.

दारावरच भिंतीवर एक डॉल्फिन रंगवलेला होता. त्याच्या पाठीला मुलाचं डोकं लागलं, म्हणजे तीन फूट भरले, की मोठ्या माणसाएवढं तिकीट. बाईंना हे आवडलं. "वयाचा दाखला नको न काही नको. साधा नियम आहे," त्या म्हणाल्या. पिशवीतला डबा मात्र दारात ठेवून घेतला. आत एका वडापावला जी किंमत लावली होती, ती वाचून बाई म्हणाल्या, "वड्यात मोती असेल."

आत गेलो. मासे सुंदर होते, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी चांगलं बोलणार नाही. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, एक तर सशासारख्या तोंडाचा. मी बघतच राहिले. शेजारी वळून बघते तर बाई नाहीत. खाली बसल्या होत्या. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. सिक्युरिटीवाला धावत आला.

"आजी, चक्कर आली का? पाणी देऊ?"

"चक्कर नाही आली. चार वर्षांची झालेय."

तो माझ्याकडे बघायला लागला. "कविता, बस खाली," बाई म्हणाल्या. मी बसले. माझ्यासमोर काळं प्लायवूड होतं. त्यावर एका बिल्डरची जाहिरात: हसणारं कुटुंब आणि चाव्यांचा जुडगा. काच सुरू होत होती ती माझ्या कपाळाच्या वर. तिथून दिसत होता नुसता निळा उजेड आणि मोठ्या माणसांच्या ढुंगणांची रांग. पुढच्या टाकीपाशी बसलो. तेच. त्याच्या पुढेही तेच. आजूबाजूला बघितलं तेव्हा कळलं की त्या अंधारात सगळीकडे पोरं रडत होती. "मला दिसत नाय, मला घे." बाप एकाला खाली ठेवून दुसऱ्याला उचलत होते. आया कडेवरच्याला सांभाळत हात अवघडून उभ्या होत्या. आजोबा-आजींना टेकायला एक बाक नव्हतं. एक म्हातारे पायरीवर टेकले तर त्यांना उठवलं. आणि दर दहा पावलांवर एक पोरगा कॅमेरा घेऊन, "सर, फॅमिली फोटो?"

म्हणजे बघा. तीन फूट भरले म्हणून पूर्ण तिकीट घ्यायचं, आणि मासे ठेवायचे तीन फुटांच्या वर. तिकिटाला मूल मोठं आणि काचेला लहान. मला कुणी विचारलं, मुलांना घेऊन जावं का, तर मी हे सांगते. मग लोक म्हणतात, "अहो, पण फोटो छान येतात." येतात ना. फोटो तुमच्या उंचीवरून काढलेले असतात.

शेवटी एक काचेचा बोगदा होता. त्याची काच दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत आणि डोक्यावरही. तिथे मुलं गप्प झाली होती. डोक्यावरून एक चपटा, पतंगासारखा मासा गेला आणि बाईंसकट सगळ्यांनी माना वळवल्या. पण तिथेच नेमकी सिक्युरिटीवाल्याची शिट्टी. "चला, चला, पुढे चला, थांबू नका." मूल थांबलं की आई ओढायची, आई थांबली की शिट्टी.

बाई सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. तिशीतला, नीटनेटका मुलगा होता. बाई म्हणाल्या, "टाक्यांखाली एक लांब फळी बसवा. एवढी, वीतभर. मुलं चढून बघतील."

"मॅडम, ॲक्चुअली सेफ्टी इश्यू आहे. किड्स पडले तर?"

"मग पूर्ण तिकीट तरी काच जिथे सुरू होते त्या उंचीपासून घ्या."

तो हसला. मग बालवाडीचं कळल्यावर एकदम खुलला. "अरे, मग तुम्ही बोलायचं ना! अशा मुलांसाठी आपण फ्री व्हिजिट करतो. मंगळवारी सकाळी, पब्लिक नसताना. फक्त आमचे टी-शर्ट घालायचे आणि दोन-चार फोटो."

"अशा म्हणजे कशा?" बाईंनी विचारलं. तो टेबलावरचे कागद नीट करायला लागला. "आमची मुलं तिकीट काढून येतील. रविवारी, पब्लिक असताना."

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, सहल रद्द करू या, दुसरीकडे नेऊ. शब्द दिलाय, एवढंच बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आरोहीची आई दारात उभी. "बाई, पोरगी रातभर शारक-शारक करतीय. तुमी बगून आलाय न्हवं? कसं हाय?"

"मासे चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

बाकीचं म्हणजे काय, ते सहलीच्या रविवारी कळलं. बालवाडीत खाऊ खायला लाकडी पाट होते, छोटे छोटे. बाईंनी प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पाट दिला. बसमध्ये ती रांग चढली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काय, कुणाच्या जेवणावळीला निघालात?" पोरं म्हणाली, "मासे बघायला!" आणि सगळी बस हसली. कल्पना साधी होती. टाकीपुढे पाट ठेवायचा, चढायचं, बघायचं, पाट उचलायचा, पुढच्या टाकीला जायचं.

दारात अडवलं. बाहेरचं फर्निचर आत चालत नाही. मॅनेजरला बोलावलं. "मॅडम, प्लीज. सगळे पॅरेंट्स मुलांना उचलून दाखवतात. तुम्हीही दाखवा ना."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "यांचे आईबाप आज आलेले नाहीत. रविवारी तुमच्या-आमच्या घरी पाहुणे असतात, म्हणून ते कामावर आहेत. त्यांच्या वाटचं कोण उचलणार, तुम्ही?"

पाट दारात रचून ठेवले. आत आम्ही तिघी होतो, बाई, मदतनीस ताई आणि मी. उचलायला लागलो. डॉक्टरांनी बाईंना वजन उचलायला मनाई केली होती. कमरेला पट्टा होता. मी ओरडले तरी त्या उचलत होत्या. तिसऱ्या टाकीपाशी त्यांनी मूल खाली ठेवलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. खालच्या मुलांनी एव्हाना रडायला सुरुवात केली होती. आरोही प्लायवूडवरच्या बिल्डरच्या कुटुंबाला नखाने खरवडत होती.

"बास," बाई म्हणाल्या. "चला बोगद्यात."

बोगद्याच्या मध्यावर जाऊन त्यांनी फतवा काढला, "बसा रे." मुलं मांडी घालून बसली, दोन रांगा, वाट अडवून. बाईही बसल्या. मागची गर्दी तुंबली. शिट्टी वाजली. बाई म्हणाल्या, "शिट्टी काय वाजवताय? लक्ष्मी रोड आहे का हा?" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, आम्हीपण पैसे दिलेत!" बाई मान न वळवता म्हणाल्या, "मग तुम्हीही बसा. जागा आहे." थोडी कुजबुज झाली. गर्दीतली एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन खरंच बसली. मग तिची सासू हुश्श करत बसली. मॅनेजर आला, हात जोडले, चिडला, पोलिसांचं नाव काढलं. बाईंनी त्याला सांगितलं, "टाक्या दिसल्या नाहीत. त्या तिकिटाचे पैसे इथे वसूल करतोय. झालं की उठू."

डोक्यावरून शार्क आला. छोटासाच होता. पण आरोहीचा आ वासला तो मिटेना.

झालं तेव्हा बाई उठल्या. दोघींनी धरून उठवावं लागलं.

मत्स्यालयाने संस्थेला फोन केला. ही बालवाडी पुन्हा आणू नका, म्हणाले. अध्यक्षांनी बाईंना बोलावून माफीचं पत्र मागितलं. संस्थेचं नाव खराब होतं, देणगीदार नाराज होतात. बाईंनी पत्र दिलं नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या जागी दुसरी शिक्षिका आली. वयाचं कारण सांगितलं. त्या दिवाळीनंतर बाई थोड्याशा आजाराने गेल्या.

शोकसभा संस्थेच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर हार घातलेला फोटो, पुढे खुर्च्यांवर देणगीदार, मागे सतरंजीवर वस्ती. अध्यक्ष बोलायला उठले. बाई शांत होत्या, सोज्वळ होत्या, त्यांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही, असं म्हणाले. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगदी शेवटच्या वर्षीही मत्स्यालयाच्या व्यवस्थापनाच्या मोलाच्या सहकार्याने बाईंनी आपल्या मुलांना ते अद्भुत विश्व दाखवून आणलं."

मी उभी राहिले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं.

"खोटं आहे," मी म्हटलं. "सहकार्य कुणी केलं नाही. पाट दारात काढून घेतले. बाईंनी तिथे खूप जणांना दुखावलं. तुम्हालाही दुखावलं, म्हणून तुम्ही त्यांना घरी बसवलं."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, ही वेळ नाही. आपण खाली बसा."

मी बसणार होते बहुतेक. पण मागून, सतरंजीवरून, आरोहीची आई म्हणाली, "बसू नगं गं. म्या काय बगितलं न्हाई तितलं, कामावर हुते. पयल्यापासनं सांग."

मी स्टेजकडे पाठ केली, सतरंजीकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.