नंदीचा कान

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी महादेवाचं जुनं देऊळ होतं. समोरचा नंदी कामठीकडच्या तांबूस वाळूच्या दगडाचा. त्याच्या कानात मागणं सांगायची रीत, त्यामुळे बायांचे तेलकट हात लागून लागून त्याचा उजवा कान पार झिजला होता. माझा थोरला भाऊ मॅट्रिक नापास होऊन घरातून निघून गेला, तेव्हापासून आई दर सोमवारी त्या कानाशी वाकायची. घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. वडिलांनी तो विषयच बंद केला होता.

सत्तरच्या सुमारास देवळाची कमिटी झाली. सगळे उत्साही, आणि उत्साही माणसांचा मी तेव्हापासून धसका घेतला आहे. त्यांनी शिवरात्रीला नंदीला चकचकीत ऑइलपेंट फासला. आत ओल कोंडली, दगडाचे पोपडे सुटायला लागले. पुढच्या शिवरात्रीला तोच रंग छिन्नीने खरवडायला घेतला आणि कान निखळला.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. सभेत म्हटलं, तुटलेला कान हाताशी आहे, पितळेची सळई घालून बसवता येईल. बाकी दगडाला आता हात लावू नका.

अध्यक्ष हसले. "खंडित मूर्ती पुजत नसतात, मास्तर. जयपूरहून संगमरवरी आणून राहिलो न आपण."

खंडित कुणी केली, असं विचारलं तर सभाच आटोपली.

मग आई स्वतः अध्यक्षांकडे गेली. "राहू द्या न जी तुटक्या कानाचा," म्हणत तिनं हात जोडले. आईला माणसापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, नवा पाहाल तं जुन्याले भुलून जाल," अध्यक्ष म्हणाले.

जुना नंदी ढोलताशे लावून तलावात सोडला. नव्याभोवती लगेच लोखंडी जाळी ठोकली, हात लागून खराब होऊ नये म्हणून. अक्कल आली होती ना!

पहिल्याच सोमवारी मी आईला घेऊन गेलो. जाळीशी ती नुसतीच उभी राहिली.

"इथूनच सांग ना, आई."

"इथून मोठ्यानं बोला लागन गा. गल्लीभर होईन, मंग तुह्या बाबाच्या कानावर जाईन."

ती परत देवळात गेली नाही. पोराचं नाव घ्यायला साऱ्या नागपुरात तिला एकच जागा होती. ती त्या लोकांनी वाजतगाजत बुडवली.