फक्कीची भिंत
मैदानावर चुन्याची फक्की मारताना तो कोरडा, नाकात बसणारा वास आला की मला कोल्हापुरातली ती वस्ती आठवते. आर्किटेक्चर शिकताना आम्ही मुलं तिथल्या लोकांबरोबर स्वस्त घरांचे आराखडे करत होतो. कागदावरचं कुणाला कळेना, म्हणून जागेवरून आधीच धुसफुसणाऱ्या दोन सख्ख्या भावांची घरं आम्ही जमिनीवरच फक्कीनं आखली, मध्ये एकच भिंत. थोरला चपला काढून दारासाठी सोडलेल्या जागेतून आत गेला आणि बायकोला घेऊन ऐसपैस बसला. तेवढ्यात धाकटा मधली रेघ तुडवत सरळ आत आला. "भिंतीतनं आलास व्हय रं?" थोरल्यानं विचारलं. "कुठं हाय भिंत?" म्हणत धाकट्यानं पायानं रेघ पुसली. थोरल्यानं आमचंच खोरं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. पांढऱ्या फक्कीत रक्त पसरायला लागलं. त्यानं पुन्हा खोरं उगारलं, तेव्हा बायकोच त्याच्या दंडाला लोंबकळली, "मरंल की त्यो." आज इतक्या वर्षांनी त्या भावांचे चेहरे पुसट झालेत, पण त्या आरडाओरड्यात वस्तीतल्या चौघांनी धाकट्याला उचलून रिक्षाकडं पळवलं, तेव्हा फक्कीची एकही रेघ कुणी ओलांडली नाही, हे अजून लख्ख आठवतं. रक्तानं भिजलेल्या त्या माणसाला त्यांनी दारातूनच बाहेर काढलं.