फळ्यावर न मावलेले दोन शब्द

माझा मामा वाचनालयात नोकरीला आहे आणि एकतीस वर्षं तो रोज सकाळी एक फळा लिहितो. एवढंच त्याचं चरित्र, असं तो स्वतः म्हणेल. बाकी आयुष्यात काय केलं, असं खोदून विचारलं तर थोडा वेळ डोकं खाजवून म्हणेल, "पुसलासुद्धा रोज मीच."

वाचनालय बसथांब्याच्या अगदी समोर आहे. सकाळी सातला तिथं पाच वर्तमानपत्रं येतात. मामा ती उभ्यानंच वाचतो. बसलं की माणूस रमतो आणि रमलेल्या माणसाला महत्त्वाचं काय ते कळेनासं होतं, असं त्याचं म्हणणं. मग तो खडू पाण्यात बुडवतो, कारण ओल्या खडूचं अक्षर वाळलं की ठसठशीत दिसतं आणि कुणाच्या बाहीनं पुसलं जात नाही. दारातल्या फळ्यावर तो तीन बातम्या लिहितो. तीनच. रंगानं आखलेल्या सहा ओळी, एका बातमीला दोन, आणि एका ओळीत फार तर बारा अक्षरं. त्याहून जास्त घातली तर पलीकडे थांब्यावर उभ्या माणसाला वाचता येत नाहीत, आणि मामाचा फळा त्या माणसासाठीच असतो. पहिली बातमी जगाची, दुसरी आपल्या भागाची, तिसरी जरा बरं वाटावं म्हणून. तिसरी शोधायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

सगळा रस्ता त्याला मामाच म्हणतो. मी सख्खी भाची, पण त्यामुळे माझ्या वाट्याला खास असं काही उरलेलं नाही.

मी कॉलेजात माध्यमं शिकवते. म्हणजे वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, फोन यांचा माणसांवर काय परिणाम होतो आणि तो का होतो यावर शहाण्या लोकांनी काय काय सिद्धान्त मांडले, ते दरवर्षी साठ मुलांच्या गळी उतरवते. मी शिकत होते तेव्हा मला या ज्ञानाचा भलताच ताठा होता. पहिल्याच वर्षी मी मामाला गोळीचा सिद्धान्त ऐकवला. माध्यमातून सुटलेला संदेश बंदुकीच्या गोळीसारखा थेट डोक्यात शिरतो आणि माणूस मुकाट्यानं तसं वागायला लागतो.

मामा खडू भिजवत होता. "मी दहा वर्षं महिन्यातून एकदा 'रांगेनं बसमध्ये चढा' असं लिहितोय," तो म्हणाला. "ती गोळी कुठं गेली गं?"

पुस्तकातही पुढच्याच प्रकरणात तो सिद्धान्त मोडीत काढला होता, पण मी अजून तिथवर पोचले नव्हते.

"माझं ऐकत कुणी नाही," मामा पुढे म्हणाला, "पण मी लिहीन त्यावर दिवसभर बोलतात. पाण्याचं लिहिलं की पाण्यावरून भांडतात. नाही लिहिलं, तर नळ कोरडा असला तरी मॅचवरून भांडतात."

दोन वर्षांनी हेच मला 'विषयनिश्चितीचा सिद्धान्त' या नावानं परीक्षेला आलं. लोकांनी काय विचार करावा ते माध्यमं ठरवू शकत नाहीत, पण कशाचा विचार करावा ते ठरवतात. पंधरापैकी तेरा गुण मिळाले. मामाला मी ते सांगितलं नाही.

दोनशे बातम्यांतून तीन आत घेणारा आणि बाकीच्यांना बाहेर उभं करणारा जो माणूस असतो, त्याला पुस्तकात द्वारपाल म्हणतात. हा शब्द मात्र मी मामाला सांगितला आणि तो त्याला फार आवडला. मामीला नाही आवडला. "बेल वाजली तर जागचे हलत नाहीत," ती म्हणाली, "आणि म्हणे द्वारपाल!"

तर असा हा मामा. गेल्या वर्षी, एका मंगळवारी, त्याच्या हातून चूक झाली.

त्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती. पुलाजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका बेकरीला टाळं ठोकलं, पिठाच्या पोत्यांत उंदरांच्या लेंड्या सापडल्या. आपल्या भागाची बातमी म्हणून मामानं ती निवडली. लिहायला घेतली आणि 'औद्योगिक वसाहतीतील' या दोन शब्दांनीच अख्खी ओळ खाल्ली. मामानं ते शब्द पुसले. फळ्यावर राहिलं ते असं: पुलाजवळच्या बेकरीला टाळं. पिठात उंदरांच्या लेंड्या.

औद्योगिक वसाहत पुलाच्या पलीकडे. अलीकडे, आमच्या बाजूला, पुलाजवळ बेकरी एकच. ती काकूंची.

काकूंचा नवरा मामाचा मित्र होता. तो गेल्यावर आठ वर्षं काकू आणि त्यांची मुलगी दोघीच ती बेकरी चालवत होत्या. पहाटे चारला भट्टी पेटायची, सहाला पहिला पाव बाहेर. दुकान एवढं स्वच्छ की काकू गिऱ्हाइकालासुद्धा काउंटरला टेकू द्यायच्या नाहीत.

दुपारी बाराला काकू वाचनालयासमोर येऊन उभ्या राहिल्या. मामाला वाटलं, वाचायला आल्या. त्यांनी फळा वाचला, मामाकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. तेव्हा कुठं मामानं वर्तमानपत्र पुन्हा काढलं, बातमी वाचली आणि ओलं फडकं घेऊन तो धावला. पण साडेसात ते बारा फळा तिथं होता. शिवाय कुणीतरी त्याचा फोटो काढून फोनवरच्या गटागटांत फिरवला होता. तो पुसायचं फडकं मामाकडे नव्हतं.

बुधवारी मामानं सहाच्या सहा ओळी एकाच गोष्टीला दिल्या. कालच्या बातमीत चूक माझी. बंद झाली ती वसाहतीतली बेकरी. पुलाजवळच्या दुकानात काही दोष नाही. तीस वर्षांत जगाची बातमी पहिल्यांदा गळली. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी तेच. आणि रोज दुपारी काकूंच्या मुलीकडून त्याला कळायचं की काल चाळीस पाव उरले, आज साठ.

"दुकान तर उघडं आहे, दिसत नाही का लोकांना?" मामानं मला फोनवर विचारलं.

"त्यांनी त्यावरही उत्तर शोधलंय," मी म्हटलं. "पैसे चारून टाळं काढलं म्हणतात."

मग मी मामाला समजावलं. दुरुस्तीनंच जास्त नुकसान होतंय. मंगळवारी ज्यांनी वाचलं नव्हतं, त्यांनाही आता कळतंय. आणि वाचून लक्षात काय राहतं? 'नाही' राहत नाही, लेंड्या राहतात. शिवाय माणसं फळ्यापेक्षा, पेपरपेक्षा ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतात. बातमी दोन पायऱ्यांनी उतरते. आधी ती चार जाणत्या माणसांपर्यंत येते आणि तिथून बाकीच्यांपर्यंत. "फळा पूस," मी म्हटलं, "आणि त्या जाणत्या माणसांना जाऊन भेट."

खोटं कशाला सांगू, मला हे बोलताना मजा येत होती. सोमवारी वर्गातही मी हाच दाखला दिला. मुलांनी भराभरा उतरवून घेतलं.

मामानं फळा पुसला. रोज सकाळी थांब्यावर कोण कोण असतं ते त्याला पाठ होतं. दवाखान्यातली नर्स, शिंपी, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, बँकेतला शिपाई, दोन मास्तरणी, असे सत्तेचाळीस जण. एका वहीत त्यानं दोन रकाने आखले, एकावर लिहिलं 'विश्वास ठेवला', दुसऱ्यावर 'नाही ठेवला'. आणि वाचनालय सुटलं की तो घरोघर निघाला. गुडघ्यांची तक्रार होती, तरी जिने चढला. प्रत्येक दारात तो एकच सांगायचा. चूक माझी आहे, काकूंची नाही, मला माफ करा. आणि विचारायचा, तुम्हाला ती बातमी खरी वाटली होती का?

नर्स म्हणाली, "मामा, मी दवाखान्यात काम करते. माझा कसा विश्वास बसेल? पण आमच्या इमारतीतले लोक म्हणजे अगदी कानाचे हलके."

शिंपी म्हणाला, "छे हो. लोकांना काय, कुणी काहीही सांगावं आणि त्यांनी मान डोलवावी. मी नाही त्यातला."

ड्रायव्हर म्हणाला, "मी तर आणला असता पाव, पण बायको घाबरते." बायको आतून म्हणाली, "मी कशाला घाबरू? यांनाच नको असतो!"

आठ दिवसांत सत्तेचाळीस घरं झाली. वहीतला दुसरा रकाना भरून पान उलटलं होतं. पहिला रकाना कोरा. विश्वास कुणीच ठेवला नव्हता आणि पाव कुणीच घेत नव्हतं. काकूंनी संध्याकाळची भट्टी बंद केली. एक तारखेपर्यंत बघायचं, नाहीतर दुकान देऊन टाकायचं, असं त्यांनी मामाला सांगितलं. मुलीनं दुसरीकडे काम शोधायला सुरुवात केली होती.

रविवारी चारच्या सुमाराला मामा माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला होता. मी चहा टाकला, पाव कापला, लोणी काढलं. मामानं वही टेबलावर ठेवली आणि पेन्सिल काढली.

"तूही कधीकधी त्या बसनं जातेस," तो म्हणाला. "तुझं राहिलंय. तुझा विश्वास बसला होता?"

"माझा?" मी हसले. "मामा, मी हाच विषय शिकवते. मला तर खरी बातमी तूच सांगितलीस."

"म्हणजे नाही," मामा म्हणाला आणि दुसऱ्या रकान्यात लिहायला वाकला. वाकताना त्याची नजर पावाच्या कागदावर गेली. निळ्या अक्षरांचा कागद, कॉलेजच्या वाटेवरच्या बेकरीचा. काकू पाव साध्या पांढऱ्या कागदात देतात.

"हा कुठला गं?" त्यानं विचारलं. आवाजात राग अजिबात नव्हता.

"कॉलेजकडचा. येताना वाटेत पडतो."

हे बोलले आणि मला माझाच आवाज नर्ससारखा ऐकू आला. काकूंचं दुकान माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. नऊ वर्षं मी तिथूनच पाव घेत होते. कॉलेजकडच्या बेकरीत मी आयुष्यात पहिल्यांदा गेले ती त्या मंगळवारनंतर, आणि तेव्हापासून रोज जात होते. दुरुस्ती मी वाचली होती, मामाला सल्ला दिला होता, वर्गात दाखला दिला होता आणि रोज संध्याकाळी निळ्या कागदातला पाव घरी आणला होता. यालाही एक सिद्धान्त आहे. माध्यमांचा परिणाम आपल्यावर होत नाही, तो नेहमी तिसऱ्याच कुणावर तरी होतो असं प्रत्येकाला वाटतं. दर फेब्रुवारीत शिकवते मी तो. मला इतकी लाज वाटली की चहा उतू गेला तरी मी उठले नाही.

"मामा, पहिल्या रकान्यात घाल," मी म्हटलं.

त्यानं पेन्सिल उचलून धरली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का?"

"नाही रे. खोटं आहे हे मला माहीत होतं. पण काकूंच्या दुकानावरून जाताना लेंड्याच डोळ्यांसमोर यायच्या. पाय आपोआप पुढे जायचे."

मामानं माझं नाव पहिल्या रकान्यात लिहिलं. सावकाश, फळ्यावर लिहितो तसं वळणदार. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि उतू गेलेल्या चहातला उरलेला अर्धा कप पिऊन तो गेला.

सोमवारी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं की मी फसले आणि अकरा दिवस दुसरीकडून पाव आणला. मग गणिताच्या बाई म्हणाल्या, "मीसुद्धा." त्यांच्या शेजारी राहणारी ती दवाखान्यातली नर्स दोन दिवसांनी मामाकडे येऊन तेच कबूल करून गेली आणि तिनं आपलं नाव खोडून पहिल्या रकान्यात लिहायला लावलं. असं करत गिऱ्हाईक हळूहळू परतलं. एक तारीख आली आणि गेली, दुकान राहिलं. संध्याकाळची भट्टी पेटायला मात्र तीन महिने लागले.

पण त्या सोमवारी कॉलेजला जाण्याआधी मी काकूंकडे गेले होते. साडेसहा वाजले होते. दुकानात कुणी नव्हतं, फळ्या पावांनी भरलेल्या होत्या. काकू काउंटर पुसत होत्या, पुसण्यासारखं काही नसताना.

"काकू," मी म्हटलं, "मी इतके दिवस आले नाही, कारण मला ते खरं वाटलं होतं. खोटं आहे हे माहीत असून वाटलं. मला माफ करा."

काकूंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, असं नंतर त्यांच्या मुलीनं सांगितलं.

"रस्त्यात भेटतो तो प्रत्येक जण सांगतो, आमचा नव्हता बाई विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "माफ करायचं मी केव्हाच ठरवलं होतं गं. पण करू कुणाला? कुणी काही केलंच नव्हतं."