सार्वभौमत्वाचा चार्ट

“सार्वभौमत्वाचा बार निळा ठेवा,” ग्रॅहम फोनवर म्हणाला. “गडद निळा. आणि उंच.”

“किती उंच?” मी विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. डिझायनर तुम्ही आहात.”

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मी प्रेझेंटेशन डेस्क सांभाळत होते. मोठ्या कंपन्यांची माणसं कागदावर काहीतरी गिचमिड करून पाठवतात, आम्ही त्याच्या देखण्या स्लाइड्स करून देतो. आकडे त्यांचे, रेघा आमच्या. आकड्यांत आम्ही बोट घालत नाही. नियम एकच होता आणि तो माझ्या आधीपासूनचा होता. प्रत्येक चार्टखाली सोर्स लाइन हवी, म्हणजे हे आकडे कुठून आणले ते सांगणारी बारीक अक्षरातली ओळ. ती नसेल तर आम्ही फाइल परत पाठवायचो आणि सोबत दोनच शब्द लिहायचो: ‘सोर्स, प्लीज.’ या दोन शब्दांमुळे माझ्यावर नाराज झालेली माणसं तीन खंडांत पसरलेली आहेत.

ग्रॅहम हा आमचा सगळ्यात मोठा क्लायंट. इथल्या ब्रिटिश व्यावसायिकांच्या एका क्लबने जाहीर वादविवाद ठेवला होता. विषय असा की युरोपियन युनियनमधून बाहेर पडून ब्रिटनचं भलं झालं की नुकसान? सार्वमत होऊन, प्रत्यक्ष बाहेर पडूनही वर्षं लोटली होती. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सिंगापूरच्या उकाड्यात, बिअरच्या ग्लासावर ही मंडळी अजून तावातावाने भांडतात. ‘भलं झालं’ या बाजूने ग्रॅहम बोलणार होता. ‘नुकसान झालं’ या बाजूने फियोना. फियोनाची हार्बरफ्रंटला जहाजांवरच्या मालाच्या विम्याची छोटी कंपनी होती. तीही आमचीच क्लायंट. तेव्हा दोघांच्या स्लाइड्स आमच्याच डेस्कने करायच्या होत्या. ग्रॅहमच्या मी करणार, फियोनाच्या माझा सहकारी हफीझ करणार. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये मनी प्लांटची एक कुंडी होती. गुप्तता राखण्याची सोय म्हणजे ती कुंडी.

माझी बॉस शर्लिन सिंगापूरचीच. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मीनल, ऐक. डेस्क इथे ठेवायचं की दुसऱ्या शहरात हलवायचं, ते वर ठरतंय. ग्रॅहम खूश राहिला तर तो वर चांगला शब्द टाकेल. त्याला काय हवं ते दे. कॅन ऑर नॉट?”

“कॅन,” मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? माझा एम्प्लॉयमेंट पास या नोकरीवर होता. नोकरी आहे तोवर इथे राहायची परवानगी, असा त्याचा अर्थ. नवऱ्याची, सचिनची नोकरी आधीच गेली होती, त्यामुळे तो आणि आमची लेक ईरा माझ्या पासवर राहत होते. ईरा सहावीत होती. सहावीला इथे पीएसएलई नावाची परीक्षा असते आणि तिच्यापुढे आपली दहावी म्हणजे सहल आहे. डेस्क गेलं तर ऐन परीक्षेच्या वर्षात पुंगोलचं घर आवरून निघावं लागणार होतं. मला रात्री झोप लागत नव्हती. दिवसा मी ग्रॅहमचे बार निळे करत होते.

ग्रॅहमचा व्यापाराचा चार्ट सरळ होता. रेघ डावीकडून उजवीकडे चढत जायची. फक्त ती सुरू व्हायची एका पडत्या वर्षापासून. पोरगा नापास झालेल्या वर्षापासून प्रगतिपुस्तक उघडलं तर पुढे प्रगतीच प्रगती दिसते. त्यात खोटं काही नसतं. आकडे त्याचे होते, सोर्स चोख होता. मी रेघ काढून दिली.

तिकडे हफीझने फियोनासाठी त्याच सोर्सवरून दुसरा चार्ट केला होता. त्यात दोन रेघा होत्या. एक सलग, म्हणजे जे झालं ते. तिच्या वर एक तुटक, म्हणजे बाहेर पडलेच नसते तर जे झालं असतं ते. आमच्या धंद्यात याला काउंटरफॅक्चुअल म्हणतात. मराठीत आत्याबाईला मिशा असत्या तर. पण हसू नका, या तुटक रेघेवर मोठमोठे अर्थतज्ज्ञ आयुष्य काढतात. आणि ती आपल्याही घरात असते. दर दिवाळीला फोनवर माझे सासरे म्हणतात, “इथेच राहिला असतात तर आज कोथरूडात दोन फ्लॅट असते तुमचे.” दोन्ही फ्लॅट तुटक रेघेचे आहेत, पण त्यांना त्यांची बाल्कनीसुद्धा दिसते.

कुंडीपलीकडचं मी बघितलं नाही असं म्हणायला हवं. बघितलं.

अडलं ते सार्वभौमत्वापाशी. शाळेत नागरिकशास्त्रात हा शब्द मी मार्कांपुरता पाठ केला होता. त्याचा चार्ट काढायची वेळ येईल असं बाईंनी सांगितलं नव्हतं.

“दोन बार,” ग्रॅहम म्हणाला. “आधी छोटा, आता मोठा. आमचे कायदे आता आम्ही करतो.”

“एकक काय लिहू?”

“म्हणजे?”

“बार कशात मोजायचा? किलो, डॉलर, टक्के...”

“टक्के चालतील.”

“कशाचे टक्के?”

“टक्के म्हणजे टक्के.”

“आणि सोर्स, प्लीज,” मी म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. पलीकडे शर्लिनने डोक्याला हात लावला.

“सोर्स?” ग्रॅहमचा आवाज चढला. “जे डोळ्यांना दिसतं त्याला सोर्स लागत नाही! फियोनाला हेच म्हणायचंय, की मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही. तुम्ही तिच्या बाजूच्या आहात का?”

खरं सांगायचं तर होते. मला तिची तुटक रेघ पटत होती. पण ते सांगायची सोय नव्हती.

“मी कोणाच्याच बाजूची नाही,” मी म्हणाले. “बाहेर पडून तुम्हाला नेमकं काय परत मिळालं ते एका वाक्यात सांगा. मी ते मोठ्या अक्षरात लिहिते. चार्ट नको.”

तो हळू आवाजात म्हणाला, “माझ्या वडिलांचं खाटकाचं दुकान होतं. तपासायला गावातलाच इन्स्पेक्टर यायचा. वडिलांचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण व्हायचं. कधी वडील जिंकायचे, कधी तो. पुढे नियम युरोपियन युनियनमधून यायला लागले. इन्स्पेक्टर म्हणाला, आता माझ्यावर ओरडू नकोस, हे माझ्या हातात नाही. वडिलांनी विचारलं, मग कोणावर ओरडू? त्याला सांगता आलं नाही. वडील मरेपर्यंत म्हणायचे, ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस बसने जाता येईल इतक्या अंतरावर हवा.”

मी लिहून घेतलं. पांढरी स्लाइड, निळी अक्षरं, एवढं एकच वाक्य. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘सोर्स: माझे वडील.’

ग्रॅहमने ती उघडून मोठ्याने वाचली. मग म्हणाला, “ठीक आहे.” नियम मोडला नव्हता, क्लायंट खूश होता. त्या दिवशी मी घरी जाताना ईरासाठी तिचे आवडते करी पफ घेतले.

वादविवादाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. स्लाइड्स बदलायला लॅपटॉपवर मी बसले होते. आधी हात वर करायला लावून कोण कोणत्या बाजूचं ते मोजून घेतलं. मग फियोना उभी राहिली. “पूर्वी मालाचा एक ट्रक जायचा,” ती म्हणाली. “आता मालाचा ट्रक जातो आणि मागून कागदांचा ट्रक जातो.” लोक हसले. तिची तुटक रेघ पडद्यावर आली. मग ग्रॅहमची चढती रेघ आली. आणि शेवटी त्याच्या वडिलांचं वाक्य आलं, तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. फियोनाही टाळी वाजवत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एक म्हातारे चिनी गृहस्थ उठले.

“आम्हीपण एका युनियनमधून, मलेशियातून, बाहेर पडलो, तेव्हा मी शाळेत होतो,” ते म्हणाले. “पडलो म्हणजे, जा म्हणाले लाह. मत कोणी विचारलं नाही, त्यामुळे वादविवाद वाचला. पण मला एक सांगा. दोघांच्या चार्टखाली सोर्स तोच आहे. मग एकाचं वर आणि एकाचं खाली कसं?”

ग्रॅहमने फियोनाकडे बघितलं. फियोनाने ग्रॅहमकडे. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. सूत्रसंचालकाने हसत माइक माझ्या हातात दिला. “चार्ट यांच्या ऑफिसने केलेत,” तो म्हणाला.

पहिल्या रांगेतून शर्लिन मान हलवत होती. नको, नको. मला ईराची पीएसएलई दिसत होती, पुंगोलची खिडकी दिसत होती. ‘दोन्ही बरोबर आहेत’ एवढं बोलून बसता आलं असतं. पण आयुष्यभर लोकांना सोर्स विचारलेल्या बाईला कोणीतरी पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारला होता.

“दोन्ही चार्ट खरे आहेत,” मी म्हणाले. “मिस्टर ग्रॅहम यांचा चार्ट एका पडत्या वर्षापासून सुरू होतो. थोडा आधीपासून सुरू केला तर चढ इतका दिसणार नाही. मिस फियोना यांची तुटक रेघ न घडलेल्या गोष्टीची आहे. अंदाज हुशार माणसांनी केलाय, पण तो अंदाज आहे. तो तितकाच ठळक काढला की खरा वाटायला लागतो.”

म्हातारे अजून उभेच होते.

“म्हणजे दोघं खोटं बोलत नाहीत,” म्हातारे म्हणाले. “सोयीचं बोलतात. ओके, थँक यू.” आणि खाली बसले.

पुन्हा हात वर करायला लावले. जे ज्या बाजूला आले होते ते त्याच बाजूला राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. मग सगळे मिळून जेवायला गेले.

“आय डाय लाह,” शर्लिन मला टॅक्सीत म्हणाली. म्हणजे मेले मी; ‘लाह’ हे इथल्या बोलण्याचं शेपूट.

पण ग्रॅहम चिडला नाही. त्याने वर पत्र पाठवलं, डेस्कचं तोंडभरून कौतुक केलं. तक्रार एकच होती, की फियोनाची रेघ लाल असल्यामुळे जास्त उठून दिसत होती. फियोनाचंही आभाराचं पत्र आलं. तिची तक्रार होती की ग्रॅहमची अक्षरं फार मोठी होती. मी सचिनला म्हणाले, वाचलो बहुतेक.

नाही वाचलो. काही आठवड्यांनी ईमेल आला. डेस्क पुण्याला हलवायचं ठरलं होतं. पुण्याला! जिथून मी दोन बॅगा घेऊन निघाले होते, तिथे माझं काम माझ्याशिवाय चाललं होतं. खर्च कमी पडतो, असं लिहिलं होतं, ते मला समजत होतं. तसे चार्ट मीच शंभरदा काढले असतील. पण मला रडू आलं आणि ते रागाचं होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, मग तूही ये की इकडे!” ईरा म्हणाली, “कॅनॉट लाह, आई. आय हॅव पीएसएलई.” सचिनने पलंगाखालच्या रिकाम्या बॅगा बाहेर काढल्या, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी शर्लिनच्या केबिनमध्ये गेले आणि ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“ओरड, मला चालेल,” ती म्हणाली. “पण उपयोग नाही. मलाही ईमेलच आला.”

“मग ठरवलं कोणी?”

“ग्लोबल कमिटी.”

“ती कुठे बसते?”

तिला माहीत नव्हतं. ग्रॅहमला फोन केला. तो खरंच हळहळला. “मी एवढं लिहिलं, पण मला कोणी विचारलंच नाही,” तो म्हणाला. “कोण आहेत ही माणसं?”

“तुमच्या वडिलांना बस मिळाली नसती,” मी म्हणाले. तो हसला नाही.

मी तो ईमेल पुन्हा उघडला. खाली कोणाचंही नाव नव्हतं. सोर्स लाइन नसलेला कागद आमच्या डेस्कवरून कधी बाहेर गेला नव्हता, आणि त्याच डेस्कला बंद करणारा कागद बिनसोर्सचा आला होता. मी उत्तर पाठवलं: ‘सोर्स, प्लीज.’ लगेच आपोआप उत्तर आलं, की या पत्त्यावरचे मेल कोणी वाचत नाही. आकड्यांबाबत मी अजून फियोनाच्याच बाजूची आहे. पण ग्रॅहमचे वडील मला त्या दुपारी पुरते कळले.

फियोनाला हफीझकडून बातमी लागली. हफीझ इथलाच, त्याला दुसरीकडे लगेच काम मिळालं होतं. तिचा फोन आला. “त्या दिवशी भर हॉलमध्ये तू माझी रेघ सोलून काढलीस,” ती म्हणाली. “तेव्हा मला फार राग आला होता. माझ्याकडे कामाला येतेस का?” नवा पास हातात येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ईराने परीक्षा इथेच दिली.

आता पुंगोलहून हार्बरफ्रंटला मी मेट्रोच्या पर्पल लाइनने जाते, मध्ये कुठे गाडी बदलावी लागत नाही. बॉस माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते. मागच्या महिन्यात तिने माझं मत न विचारता एक काम बाहेर देऊन टाकलं. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि पोटभर ओरडले, की हा निर्णय सपशेल चुकीचा आहे.

फियोनाने शांतपणे चष्मा काढला.

“सोर्स, प्लीज,” ती म्हणाली.