घरोघर भरणारी सभा

उमापूरच्या पलीकडच्या एका गावात हरिबा ग्रामपंचायतीचा शिपाई आहे. बावीस वर्षांत त्याने एकही महिला ग्रामसभा चुकू दिली नाही. चुकू दिली नाही म्हणजे भरवली, असं मात्र कुणी समजू नये.

नियम असा, की मोठ्या ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची. आता भर कामाच्या दिवसांत बाया येणार कुठून? हरिबाने त्यावर तोड काढली होती. सभेचं रजिस्टर काखेत मारायचं आणि सभाच बायांच्या दारात न्यायची. चुलीपुढे, गोठ्यात, कपाशीच्या बांधावर, जिथे बाई सापडेल तिथे कोऱ्या पानावर सही घ्यायची. सकाळी निघाला की दुपारच्या जेवणाला शंभर सह्या घेऊन परत. वरचा मजकूर ग्रामसेवक मागल्या वर्षीच्या पानावरून उतरवून काढी. तपासणीला आलेला साहेब पान उलटून 'बायांचा सहभाग चांगला आहे हो गावात' म्हणे, आणि आमचा हा गडी बाजूला उभा राहून खुशाल छाती फुगवी.

त्याला वाईट माणूसही म्हणवत नाही, हीच अडचण आहे. नळाचं पाणी सोडायला त्याने कधी उशीर केला नाही. बाळाचा जन्मदाखला तो बाळंतिणीच्या घरी नेऊन द्यायचा. बायांचा त्याच्यावर विश्वास होता, म्हणून तर कुणी काही विचारत नसे. ऑगस्टात एकट्या सुंदरबाईने विचारलं. ती कपाशीत खुरपत होती. हात पदराला पुसून पेन घेता घेता म्हणाली, "भाऊजी, कशाची वो सही?"

"नेहमीचीच हाय, वहिनी."

झालं. सुंदरबाईने एकेक अक्षर जुळवत सावकाश आपलं नाव लिहिलं.

सुंदरबाई आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्यांची मुलगी करिष्मा मागे आजीजवळ राहते. गेवराईच्या कॉलेजात ती पहिल्या वर्षाला होती. रोज फाट्यापर्यंत पायी जायचं, तिथून एसटी, आणि येताना अंधारून आलेलं. वाटेत जुना बाजारओटा लागतो. ओट्याजवळ दारूची टपरी, आणि ओट्यावर वाळूच्या टिप्परवरची पोरं. टिप्पर त्रिंबकरावांचे. त्रिंबकराव म्हणजे सरपंच चंद्रभागाबाईंचे यजमान. सरपंचकी बाईंच्या नावावर आणि खुर्ची यजमानांच्या बुडाखाली, असा आमच्याकडचा कारभार आहे.

सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यातल्या दोघांनी करिष्माची वाट अडवली, ओढणी खेचली. पोरगी चपला तिथेच टाकून रानातून पळत घरी आली. दुसऱ्या दिवशी सुंदरबाई पंचायतीत हजर झाली. हरिबा नेमका चहा घेऊन आत आला होता.

"वट्यापशी लाईट लावा, अन् ती टपरी उठवा," ती त्रिंबकरावांना म्हणाली. "पंचायतीनं ठराव करून पोलिसांला कागद द्यावा. दिवाळी झाली की आमी कारखान्यावर जाणार. तवर वाट धड झाली न्हाई तर पोरीला संगं न्यावं लागल. तिचं कालेज सुटल. म्हातारीच्या भरवशावर कशी ठिवू तिला?"

त्रिंबकराव रागावले नाहीत. "हरिबा, रजिस्टर दे," एवढंच म्हणाले, आणि ऑगस्टचं पान काढून मोठ्याने वाचू लागले. 'महिलांच्या सुरक्षिततेबाबत सविस्तर चर्चा झाली. गावात कोणाचीही तक्रार नाही, असे सर्वानुमते ठरले.'

"बायांनीच लिहून दिलंय. अन् ही सही कुणाची?"

सुंदरबाई पुढे वाकली. आपलं नाव तिला ओळखू आलं. मग तिने त्रिंबकरावांकडे पाहिलंच नाही, हरिबाकडे पाहिलं. तो ट्रेमधले कप सरळ करत होता. कप होते चार. चार कप माणूस किती वेळ सरळ करणार?

दोन ऑक्टोबरला मोठी ग्रामसभा होती. आदल्या दिवशी सुंदरबाई त्याच्या दारात आली. "भाऊजी, मी उद्या उठून बोलणार हाय. सभा झालीच न्हाई म्हणणार. पर माझं एकटीचं कोण ऐकतंय? तुमी निस्तं 'न्हाई झाली' म्हणा. बाकी मी बघते."

"बघतो," हरिबा म्हणाला.

त्याचं 'बघतो' म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला आतून ऐकूनच कळलं. सुंदरबाईने मात्र ते 'हो' धरलं.

मारुतीच्या देवळापुढे सभा भरली. पुरुष सतरंजीवर, दहा-अकरा बाया कडेच्या पायरीवर. चंद्रभागाबाई डोक्यावरचा पदर सावरत खुर्चीवर बसलेल्या. सुंदरबाई उठली तशी कुजबुज थांबली. तिने सगळं सांगितलं. पोरीचं सांगितलं, सहीचं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बायांची सभा झालीच न्हाई. हरिबा भाऊजींला इचारा."

त्रिंबकराव हसले. "सांग बे हरिबा. सभा झाली व्हती का न्हाई?"

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, असं पुढे हरिबाने स्वतःला पुष्कळदा समजावलं. खरं कारण त्याहून हलकं होतं. त्रिंबकरावांच्या घरातून काहीही विचारलं की 'हो' म्हणायचं, ही जिभेला बावीस वर्षांची सवय. ती आपली आपण वळली.

"झाली व्हती, मालक."

सुंदरबाई खाली बसली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं हरिबाला वाटलं. सगळे नुसते जमिनीकडे बघत होते.

दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक आला. करिष्मा भांड्यांच्या गोणीला टेकून त्यात बसली. पाण्याचा दिवस नसताना हरिबा त्या सकाळी वॉल्व्ह बघायला म्हणून टाकीकडे निघून गेला आणि ट्रकचा आवाज लांब जाईपर्यंत तिथेच बसून राहिला. आपली आपल्यालाच शिसारी येणं म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी समजलं. घरी बायको जेवायला वाढी, पण पूर्वीसारखी समोर बसेना. गल्लीतल्या बाया 'भाऊजी' म्हणत तशाच म्हणत होत्या. त्या हाकेने त्याची मान आणखी खाली जाई.

जानेवारीत पुन्हा बायांच्या सभेची वेळ आली. हरिबा रिवाजाप्रमाणे रजिस्टर घेऊन आधी सरपंचांच्या गोठ्यात गेला. चंद्रभागाबाई म्हशीपुढे कडबा टाकत होत्या. त्यांनी पेन घेतलं नाही.

"हरिबा, त्या दिवशी मी खुर्चीवर बसले व्हते," त्या म्हणाल्या. "सभा झाली न्हाई, हे मलाबी ठाऊक व्हतं. माझी सहीसुदिक तू हितंच घेतलीवती. तू खोटं बोललास अन् मी गप बसले." कडब्याची पेंडी सोडत म्हणाल्या, "आता वही कुणाच्या दारात न्यायची न्हाई. बायांला बोलीव. मालक काय म्हणतेल ते मी बघते."

हरिबाने भोंग्यावरून पुकारा केला. शाळेच्या मैदानात चाळीसच्या वर बाया जमल्या. गावात ज्या उरल्या होत्या, त्या बहुतेक आल्या. चंद्रभागाबाई उभ्या राहून म्हणाल्या, "आदी हरिबा बोलल."

त्याने टोपी काढून हातात धरली. "ऑगस्टात सभा झाली नव्हती. त्याच्या आदीबी कदी झाली न्हाई. सुंदरवहिनी खरं बोलली. मी भर सभेत खोटं बोललो."

बोलला आणि त्याला किंचित हलकंही वाटलं. ते फार टिकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "हे सुंदराला सांगितलंस का?"

"न्हाई."

"मंग आमाला कावून सांगायलास?"

लाईटचा आणि टपरीचा ठराव बायांनी सगळ्यांसमोर लिहून घेतला, सह्या केल्या. त्या सह्या चालू असतानाच हरिबाने शाळेच्या भिंतीआड जाऊन सुंदरबाईला फोन लावला. फोन करिष्माने घेतला. मागे ट्रॅक्टर घरघरत होता, कुणीतरी उसाच्या मोळ्या मोजत होतं.

"पोरी, आज सभा झाली. खरीखुरी. लाईट लागंल, टपरीबी उठंल," तो घाईघाईने म्हणाला. "अन् मी सांगितलं सगळ्यांला. सभा झाली नव्हती म्हणून."

करिष्माने आधी मागे वळून 'आले, आले' म्हणून कुणाला तरी हाक दिली.

"ते तर समद्यांला ठाऊक व्हतं, काका," ती म्हणाली. "त्या दिवशी निस्तं तुमी म्हणायचं राह्यलं व्हतं. आई मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायलीय, मला फळी धरायला जायचंय. ठिवते."